अर्नेस्ट जोन्स

अर्नेस्ट चार्ल्स जोन्स (२५ जानेवारी १८१९, बर्लिन – २६ जानेवारी १८६९, मँचेस्टर) हे ब्रिटिश बॅरिस्टर, कवी, पत्रकार आणि चार्टिस्ट चळवळीचे अखेरच्या पर्वातील प्रमुख नेते होते. ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहासाठी त्यांनी हॅलिफॅक्स (१८४७, १८५२), नॉटिंगहॅम (१८५७, १८५९) व मँचेस्टर (१८६८) येथून निवडणूक लढवली; परंतु ते एकदाही निवडून आले नाहीत. जाहीर सभेत हात वर करून कौल घेतला जाई तेव्हा लोक त्यांच्या बाजूने असत, आणि मतनोंदणी सुरू झाली की ते मागे पडत. ज्यांच्यासाठी ते लढत होते त्यांपैकी बहुतेकांना मताचा अधिकारच नव्हता, हे त्याचे मुख्य कारण होते. भारतीय वाचकांना त्यांची ओळख मुख्यतः १८५७ च्या उठावाची उघड बाजू घेणारे इंग्रज संपादक म्हणून असते.

जन्म व बालपण

जोन्स यांचे वडील मेजर चार्ल्स जोन्स हे नेपोलियनविरोधी युद्धांत लढलेले घोडदळातील अधिकारी होते. राजे तिसरे जॉर्ज यांचे पुत्र, कंबरलँडचे ड्यूक अर्नेस्ट, यांच्या पदरी ते असल्यामुळे कुटुंबाचा मुक्काम जर्मनीत होता. ड्यूकच मुलाचे धर्मपिता झाले आणि त्यांचेच नाव मुलास ठेवण्यात आले. हे ड्यूक पुढे हॅनोव्हरचे राजे झाले. सुधारणांचे कट्टर विरोधक म्हणून त्यांची ख्याती होती. धर्मपित्याची आणि धर्मपुत्राची वाट एकमेकींपासून इतकी दूर जावी, हा योगायोग चरित्रकारांच्या नजरेतून सुटलेला नाही.

बालपण हॅम्बुर्गजवळ होल्स्टाइनमधील राइनबेक येथे गेले. अकराव्या वर्षी त्यांच्या बालकवितांचे पुस्तक हॅम्बुर्गमध्ये छापले गेले. त्याच सुमारास रशियाविरुद्ध पोलंडमध्ये उठाव झाला, तेव्हा हा मुलगा कपड्यांचे गाठोडे घेऊन बंडखोरांना मिळण्यासाठी घरातून पळाला व वाटेत सापडला, अशी हकिकत त्यांच्या जुन्या चरित्रांत येते. पुढील शिक्षण ल्यूनेबुर्ग येथील सेंट मायकेल विद्यालयात झाले. जर्मन ही त्यांची जवळजवळ मातृभाषाच झाली. पुढे युरोपातील निर्वासित क्रांतिकारकांशी त्यांचे संबंध जुळले, त्यात या भाषाज्ञानाचा वाटा मोठा होता.

लंडन, सनद आणि दिवाळे

१८३८ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतले. त्यानंतरची काही वर्षे जोन्स उच्चभ्रू समाजात वावरत होते. १८४१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या दरबारी त्यांना सादर करण्यात आले. त्याच वर्षी जेन ॲथर्ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला, ‘द वुड स्पिरिट’ ही अद्भुतरम्य कथा निनावी प्रसिद्ध झाली आणि कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांनी मिडल टेंपलमध्ये नाव नोंदवले. १८४४ मध्ये त्यांना बॅरिस्टरची सनद मिळाली. मात्र वकिलीपेक्षा नाटके, गीते आणि मेजवान्या यांकडेच त्यांचा ओढा अधिक होता.

केंट परगण्यात त्यांनी ऐपतीबाहेर जाऊन मालमत्ता घेतली. तो व्यवहार अंगाशी आला आणि सनद मिळाल्यानंतर थोड्याच काळात त्यांचे दिवाळे निघाले. १८४५–४६ च्या हिवाळ्यात ते चार्टिस्ट चळवळीत दाखल झाले. दिवाळे आणि हे परिवर्तन यांतील अंतर इतके थोडे आहे, की त्यांच्या हेतूंविषयी विरोधकांनी तेव्हाच शंका घेतली. चळवळीपासून दूर राहिल्यास मोठा वारसा देऊ करणाऱ्या श्रीमंत नातलगाला त्यांनी नकार दिला, अशी आख्यायिका अनुयायांत पुढे रूढ झाली. माइल्स टेलर यांनी २००३ मधील चरित्रात अशा अनेक कथा तपासून पाहिल्या आहेत. स्वतःच्या आयुष्याला नाट्यमय रूप देण्याची हौस जोन्स यांना होती, हे त्यांच्या सहानुभूतिदार वाचकांनाही मान्य करावे लागते. तथापि एकदा पत्करलेल्या मार्गावरून ते पुढील तेवीस वर्षांत हटले नाहीत, आणि त्या मार्गाने त्यांना पैसा मिळाला नाही, हेही तितकेच खरे आहे.

चार्टिस्ट चळवळ

१८३२ च्या सुधारणा कायद्याने इंग्लंडमधील मध्यमवर्गाला मताधिकार मिळाला. शहरी मतदारसंघांत वार्षिक दहा पौंड भाड्याच्या योग्यतेच्या जागेची अट होती. त्यामुळे गिरणी कामगार, विणकर व खाणकामगार बाहेरच राहिले. या असंतोषातून १८३८ मध्ये ‘लोकसनद’ तयार झाली. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान, समान मतदारसंघ, दरवर्षी पार्लमेंटची निवडणूक, उमेदवारासाठी मालमत्तेची अट रद्द करणे आणि खासदारांना वेतन, या तिच्या सहा मागण्या होत्या. १८३९ व १८४२ मध्ये लक्षावधी सह्यांचे अर्ज पार्लमेंटने फेटाळले होते. जोन्स आले तेव्हा चळवळीचा पहिला जोर ओसरलेला होता.

नेते फर्गस ओ’कॉनर यांनी या नव्या बॅरिस्टरला लगेच जवळ केले. ‘नॉर्दर्न स्टार’ या चार्टिस्ट वृत्तपत्रात जोन्स यांच्या कविता व लेख येऊ लागले, आणि १८४७–४८ मध्ये ‘द लेबरर’ हे मासिक दोघांनी मिळून चालवले. यॉर्कशर व लँकेशरच्या सीमेवरील माळरानांत हजारो कामगारांपुढे होणाऱ्या सभांत जोन्स यांच्या वक्तृत्वाला खरा बहर आला. ठेंगण्या बांध्याच्या या वक्त्याचा आवाज दूरवर पोहोचत असे.

हॅलिफॅक्सची निवडणूक

१८४७ च्या उन्हाळ्यात जोन्स यॉर्कशरमधील हॅलिफॅक्स येथून उभे राहिले. लोकर विंचरणाऱ्या व हातमागावर काम करणाऱ्या कारागिरांचे हे गाव. यंत्रांनी त्यांचा रोजगार हिरावला होता. दोन जागांसाठी चार उमेदवार होते, आणि त्यांत सर चार्ल्स वुड हे त्यावेळचे अर्थमंत्री होते. भारतातील विद्यार्थ्यांना हे नाव ‘वुडचा खलिता’ या संदर्भात परिचित असते. १८५४ च्या ज्या खलित्यातून मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठांची कल्पना पुढे आली, तो याच वुड यांच्या नावाने ओळखला जातो. १८५९ ते १८६६ या काळात ते भारतमंत्रीही होते.

तेव्हाच्या निवडणुकीचे दोन टप्पे असत. पहिल्या दिवशी उमेदवार उघड्या मैदानातील लाकडी मंचावर उभे राहून भाषणे करीत आणि निवडणूक अधिकारी जमलेल्या लोकांना हात वर करण्यास सांगे. या कौलात मतदार कोण आणि बिगरमतदार कोण, हे कोणी पाहत नसे. कौल मान्य नसलेला उमेदवार मतनोंदणीची मागणी करी. मग नोंदवहीत नाव असलेला मतदार सर्वांसमक्ष येऊन आपले मत मोठ्याने सांगे, आणि ते त्याच्या नावापुढे लिहिले जाई. कोणी कोणास मत दिले याच्या याद्या नंतर छापून विकल्या जात. त्यामुळे घरमालक कुळांना दाबात ठेवू शकत, आणि मत नसलेले कामगार विरोधी मत देणाऱ्या दुकानदाराकडून माल घेणे बंद करीत. गुप्त मतदानाची मागणी सनदेत का होती, हे या पद्धतीवरून समजते.

हॅलिफॅक्सच्या मैदानात जोन्स यांच्या बाजूने हातांचे रान उठले. दुसऱ्या टप्प्यात चित्र पालटले. मतदार होते हजाराच्या आसपास. हेन्री एडवर्ड्स यांना ५११, वुड यांना ५०७, एडवर्ड मायल यांना ३४९ आणि जोन्स यांना २८० मते पडली. चार्टिस्ट उमेदवारासाठी हा आकडा लहान नव्हता. पाच वर्षांनी त्याच गावात ते पुन्हा उभे राहिले तेव्हा चाळीस मतेही मिळाली नाहीत, यावरून मधल्या काळात मध्यमवर्गीय मतदार किती दूर गेला होता ते कळते.

१८४८ आणि तुरुंगवास

फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली आणि इंग्लंडमधील राज्यकर्त्यांना आपल्याही देशाची धास्ती वाटू लागली. १० एप्रिल रोजी लंडनच्या केनिंग्टन मैदानात चार्टिस्टांची विराट सभा झाली. सरकारने लष्कर सज्ज ठेवले होते आणि हजारो नागरिकांना खास शिपाई म्हणून शपथ दिली होती. मिरवणुकीने पार्लमेंटवर जाण्याचा बेत ओ’कॉनर यांनी सोडून दिला. तिसऱ्या अर्जावर सत्तावन्न लाख सह्या असल्याचा दावा होता. पार्लमेंटच्या कारकुनांनी त्या १९,७५,४९६ भरल्याचे सांगितले, आणि त्यांतही काही बनावट नावे निघाल्याने चळवळीचे हसे झाले. वीस लाखांच्या जवळ जाणारी ती संख्याही त्या वेळच्या एकूण मतदारांहून मोठी होती, ही गोष्ट मात्र हशात विरून गेली.

जोन्स यांनी त्यानंतर भाषणांची धार वाढवली. ४ जून रोजी पूर्व लंडनमधील बिशप बॉनर्स फील्ड्स येथे त्यांनी लोकांना संघटित होण्याचे आवाहन केले आणि पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटवर आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा हिरवा झेंडा फडकेल असे भाकीत केले. दोनच दिवसांनी मँचेस्टरमध्ये त्यांना अटक झाली. राजद्रोही भाषण व बेकायदा जमाव या आरोपांखाली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला आणि जुलैमध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली.

ही शिक्षा वेस्टमिन्स्टरमधील टॉटहिल फील्ड्स तुरुंगात भोगावी लागली. तेथे कैद्यांना परस्परांशी बोलण्याची मनाई होती. जोन्स यांना बराच काळ एकांतकोठडीत ठेवण्यात आले, आणि लेखनसाहित्यही दीर्घकाळ नाकारण्यात आले. जुन्या दोरखंडांचे धागे पिंजण्याचे काम करण्यास त्यांनी नकार दिला. पैसे भरून या कामातून सुटका करून घेण्याची सोय होती आणि जोन्स यांच्यासाठी ते भरले गेले. त्याच तुरुंगातील अलेक्झांडर शार्प व जोसेफ विल्यम्स हे दोन चार्टिस्ट कैदी १८४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत दगावले. शाई न मिळाल्याने जोन्स यांनी स्वतःच्या रक्ताने कविता लिहिल्या, ही कथा त्यांच्या सुटकेनंतर सर्वतोमुखी झाली. ती त्यांनीच पसरवल्यामुळे अभ्यासक तिच्याकडे जपून पाहतात. शार्प आणि विल्यम्स यांच्या मृत्यूविषयी मात्र शंका घेण्यास जागा नाही. जुलै १८५० मध्ये जोन्स सुटले.

‘पीपल्स पेपर’ आणि हिंदुस्थान

सुटकेनंतर चळवळीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. ओ’कॉनर यांची मानसिक प्रकृती ढासळत चालली होती. १८५१ मध्ये जोन्स यांनी ‘नोट्स टू द पीपल’ हे नियतकालिक काढले आणि मे १८५२ मध्ये ‘पीपल्स पेपर’ हे साप्ताहिक सुरू केले. कार्ल मार्क्स व फ्रीडरिश एंगेल्स यांच्याशी त्यांची आधीपासून ओळख होती. मार्क्स यांचे लेख या पत्रात छापले गेले, आणि एप्रिल १८५६ मध्ये पत्राच्या वर्धापनदिनी मार्क्स यांनी भाषणही केले. १८५४ मध्ये संपकरी कामगारांना मदत करण्याच्या हेतूने मँचेस्टरला ‘श्रमिकांचे पार्लमेंट’ भरवण्यात जोन्स पुढे होते. पैशाची चणचण कायमची होती. दौरे, सभा, वर्गणी आणि पुन्हा दौरे अशा क्रमात ही वर्षे गेली. १८५३ मध्ये हॅलिफॅक्सजवळचे वृद्ध हातमाग विणकर व चार्टिस्ट बेन रश्टन वारले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेस हजारो लोक जमले आणि जोन्स यांनी तेथे भाषण केले. निवडणुकीत न दिसणारा त्यांचा पाठीराखा वर्ग अशा प्रसंगी दिसत असे.

१८५७ च्या मे महिन्यात मीरतहून सुरू झालेल्या उठावाच्या बातम्या लंडनला पोहोचल्या आणि बहुतेक इंग्रजी वृत्तपत्रे सूडाची भाषा बोलू लागली. जोन्स यांनी ‘पीपल्स पेपर’मधून याच्या उलट भूमिका घेतली. पोलंड, हंगेरी किंवा इटली यांच्या परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्यांना इंग्रज जनता सहानुभूती दाखवते, तर हिंदुस्थानचा लढा त्याच न्यायाने रास्त मानला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी या घटनेकडे केवळ शिपायांची शिस्तभंगाची कृती म्हणून पाहिले नाही. कंपनीचा कारभार, जमीनमहसुलाचा बोजा आणि संस्थाने खालसा करण्याचे धोरण यांत त्यांनी तिची कारणे शोधली. कानपूरच्या हत्याकांडाची बातमी आल्यावर इंग्लंडमधील वातावरण अधिकच तापले. तरीही त्यांनी पक्ष बदलला नाही.

तुरुंगातील कविता म्हणून प्रसिद्ध झालेले ‘द न्यू वर्ल्ड’ हे दीर्घकाव्य त्यांनी याच वर्षी ‘द रिव्होल्ट ऑफ हिंदोस्तान’ या नावाने पुन्हा छापले. त्यात हिंदुस्थान इंग्रजी सत्तेविरुद्ध उठतो असे वर्णन आहे. त्यामुळे जोन्स यांनी उठावाचे भविष्य वर्तवले होते, असे अनेकदा म्हटले जाते. मूळ काव्य १८५१ मधले आणि जगभरच्या लोकशाहीचे स्वप्न रंगवणारे आहे. हिंदुस्थान हा त्यातील एक भाग होय. नवे शीर्षक हे संपादकाचे प्रसंगावधान होते. जोन्स हिंदुस्थानात कधी आले नव्हते, आणि येथील समाजाविषयीची त्यांची माहिती पुस्तकी होती. परंतु सूडाच्या त्या लाटेत पराजितांची बाजू छापील स्वरूपात मांडणारी इंग्रजी पत्रे बोटांवर मोजण्याइतकीच होती.

याच वर्षी पत्नी जेन यांचे निधन झाले. त्याआधी नॉटिंगहॅमच्या निवडणुकीत त्यांना ६१४ मते मिळाली होती. १८५९ मध्ये तेथे १५१ वर समाधान मानावे लागले.

मध्यमवर्गाशी हातमिळवणी

फेब्रुवारी १८५८ मध्ये भरलेल्या चार्टिस्ट परिषदेत जोन्स यांनी मध्यमवर्गीय सुधारणावाद्यांशी सहकार्याचे धोरण मान्य करून घेतले. पूर्ण सनदेसाठी अडून बसण्यापेक्षा मताधिकाराचा जेवढा विस्तार पदरात पडेल तेवढा घ्यावा, असे त्यांचे मत बनले होते. मार्क्स यांनी याला शरणागती मानले व संबंध तोडले. ‘पीपल्स पेपर’ त्याच वर्षी बंद पडले. माघार की शहाणपण, हा वाद पुढच्या इतिहासकारांतही चालू राहिला. १८४८ नंतर कामगारांची स्वतंत्र चळवळ पुन्हा उभी करण्याचे दहा वर्षांचे प्रयत्न फसल्यावर हा निर्णय झाला होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

लोकप्रिय कादंबरीकार व संपादक जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी जोन्स यांच्यावर चळवळीच्या पैशाच्या अपहाराचा आरोप केला. (मराठी वाचकांना हे रेनॉल्ड्स अपरिचित नाहीत, हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ ही कादंबरी त्यांच्याच कादंबरीच्या आधारे लिहिलेली आहे.) जोन्स यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८५९ मध्ये तो जिंकला. भरपाई चाळीस शिलिंगांची मिळाली. हिशेबाच्या वह्यांतून त्यांनी स्वतःचेच पैसे चळवळीत घातल्याचे दिसले आणि नावावरील डाग पुसला गेला.

मँचेस्टरमधील वकिली

१८६१ मध्ये ते मँचेस्टरला स्थायिक झाले आणि सनद मिळून सतरा वर्षे झाल्यावर प्रथमच वकिलीवर खऱ्या अर्थाने उपजीविका करू लागले. गरीब अशिलांचे वकील म्हणून उत्तर इंग्लंडच्या न्यायालयांत त्यांचे नाव झाले.

तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाची आयात थांबून लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या. मुंबईत कापसाच्या तेजीने पैशाचा पूर आला तो याच काळात. मँचेस्टरच्या परिसरात मात्र कामगारांची उपासमार होत होती. दक्षिणेकडील संस्थानांना मान्यता देऊन कापूस सोडवावा, असा दबाव वाढत असताना जोन्स यांनी सभांतून गुलामगिरीविरोधी उत्तरेची बाजू मांडली. उपाशी असलेल्या श्रोत्यांपुढे हे सांगणे सोपे नव्हते.

१८ सप्टेंबर १८६७ रोजी मँचेस्टरमध्ये आयरिश क्रांतिकारकांनी कैद्यांची गाडी अडवून आपल्या दोन नेत्यांना सोडवले. या झटापटीत सार्जंट ब्रेट हा पोलीस ठार झाला. पकडलेल्या आयरिश तरुणांचे वकीलपत्र जोन्स यांनी घेतले. दंडाधिकाऱ्यांसमोर प्राथमिक सुनावणीत आरोपींना बेड्या घालून उभे केलेले पाहून त्यांनी हरकत घेतली. दोष सिद्ध होण्यापूर्वी अशी वागणूक देणे न्यायाला धरून नाही, हा त्यांचा मुद्दा होता. बेड्या काढण्यास नकार मिळताच वकीलपत्र टाकून ते न्यायालयातून निघून गेले. नोव्हेंबरमध्ये ॲलन, लार्किन व ओब्रायन या तिघांना फाशी देण्यात आले.

मताधिकाराच्या प्रश्नावर स्थापन झालेल्या रिफॉर्म लीगमध्ये ते आघाडीवर होते. १८६७ च्या आरंभी एडिनबरा येथे प्राध्यापक जॉन स्टुअर्ट ब्लॅकी यांच्याशी लोकशाहीच्या गुणदोषांवर झालेला त्यांचा जाहीर वाद गाजला. त्याच वर्षी दुसरा सुधारणा कायदा मंजूर झाला आणि शहरांतील कुटुंबप्रमुख पुरुषांना, म्हणजे बऱ्याच कामगारांना, मत मिळाले. देशातील मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली.

१८६८ ची निवडणूक आणि मृत्यू

नव्या कायद्याने मँचेस्टरला तिसरी जागा मिळाली; मात्र प्रत्येक मतदाराला दोनच मते देता येत. अल्पसंख्य पक्षाला एखादी जागा मिळावी हा या तरतुदीचा हेतू होता. उदारमतवादी गोटातून बॅझ्ली, जेकब ब्राइट, जोन्स आणि मिचेल हेन्री असे चौघे उभे राहिले व त्यांची मते विभागली गेली. हुजूर पक्षाचे ह्यू बर्ली १५,४८६ मतांनी पहिले आले. बॅझ्ली व ब्राइट यांनी उरलेल्या जागा घेतल्या. जोन्स यांना १०,६६२ मते पडली आणि ते पाचव्या क्रमांकावर राहिले. हॅलिफॅक्समध्ये २८० मतांनी हरलेला उमेदवार एकवीस वर्षांनी दहा हजारांहून अधिक मते मिळवून हरला.

बर्ली यांची निवड रद्द होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा संभाव्य पोटनिवडणुकीसाठी उमेदवार ठरवण्याकरिता उदारमतवाद्यांनी जानेवारी १८६९ मध्ये आपल्या समर्थकांत गुप्त चिठ्ठ्यांनी मतदान घेतले. कायद्याने गुप्त मतदान येण्यास अजून तीन वर्षे होती. त्यामुळे या प्रयोगाकडे देशाचे लक्ष होते. माजी मंत्री मिल्नर गिब्सन यांना ४,१३३ आणि जोन्स यांना ७,२८२ मते मिळाली. जोन्स तोपर्यंत छातीच्या विकाराने अंथरुणाला खिळले होते. निकालाची वार्ता त्यांना मृत्युशय्येवर समजली. पन्नासाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, २६ जानेवारी रोजी, त्यांचे निधन झाले.

३० जानेवारीला अर्डविक दफनभूमीत त्यांचे दफन झाले तेव्हा मँचेस्टरचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. पुढे बर्ली यांच्याविरुद्धची तक्रार टिकली नाही आणि १८८३ मधील मृत्यूपर्यंत ते खासदार राहिले. म्हणजे जोन्स जगले असते तरी ती जागा रिकामी झाली नसती. दफनभूमी विसाव्या शतकात मोडण्यात आली व तेथे क्रीडांगण झाले.

जोन्स यांचे पुत्र लेव्हेलिन ॲथर्ली-जोन्स (१८५१–१९२९) हेही बॅरिस्टर झाले. १८८४ च्या तिसऱ्या सुधारणा कायद्याने ग्रामीण भागातील व खाणपट्ट्यातील कामगारांना मत मिळाले, आणि १८८५ मध्ये ते वायव्य डरहॅम मतदारसंघातून उदारमतवादी पक्षातर्फे निवडून आले. १९१४ पर्यंत त्यांनी ती जागा राखली. सनदेच्या सहा मागण्यांपैकी खासदारांच्या वेतनाची मागणी त्यांच्याच कारकिर्दीत, १९११ मध्ये, मान्य झाली.